आधी ब्रश दाखवा

दातांच्या मागे किटण साचतं तसे किस्से साचतात. रोज थोडे थोडे. कळत नाही, दुखत नाही. मग एके दिवशी जीभ तिथं जाते आणि लक्षात येतं, अरे, इथं तर थर जमलाय!

माझ्याकडे हा थर जमला तो इंदूरच्या पलासियातल्या मृदुला मॅडमच्या दवाखान्यात. खाली कोचिंग क्लास, वर दातांचा दवाखाना. हे किस्से मी सांगू नयेत असं आमच्या सौभाग्यवतीचं, सुनंदाचं, मत आहे. ती म्हणते, "तुम्ही सांगायला बसलात की किस्सा कमी आणि तळटीपा जास्त!" तिचं बरोबर असावं. मी आयुष्यभर कॉलेजात संस्कृत शिकवलं, डॉक्टरेट केली, आणि आजही सरळ वाक्य लिहिलं की ते चुकलं असेल अशी धास्ती वाटते. तरी प्रयत्न करतो. कुठं घसरलो तर सांभाळून घ्या.

\*

या दवाखान्याचा एक नियम आहे. खुर्चीत बसण्याआधी घरचा ब्रश दाखवायचा. फोनवर नंबर लावतानाच शकुनजी बजावतात, "साब, ब्रश लेके आना. नवा नाही, जो चालू आहे तोच!" शकुनजी म्हणजे मॅडमच्या मदतनीस. मूळच्या माळवी बोलणाऱ्या, मराठी पेशंटांकडूनच मराठी शिकलेल्या. दवाखाना खरा त्याच चालवतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हा प्रकार विचित्र वाटला. आपण दात दाखवायला आलो, ही बाई ब्रश कसला बघते? पण मॅडमनी माझा ब्रश दिव्याखाली धरला, उलटा केला, अंगठ्यानं केस दाबून पाहिले. केस दोन्ही बाजूंना फाकलेले, मधे भांग पडल्यासारखे.

"किती दिवसांचा आहे, सर?"

"पाच आठवडे."

"ह्यानं दात घासता की फरशी?"

मी जरा ताठ होऊन म्हणालो, "मी दिवसातून तीनदा घासतो. प्रत्येक वेळी दहा मिनिटं!"

"तेच म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "सर, दात म्हणजे कढई नाही."

मग त्यांनी तोंडात आरसा घातला आणि परीक्षक पेपर तपासतो तसा एक एक दात तपासला. शेवटी निकाल आला. वरच्या ओळीतला मधला दात हलत होता.

"समोरून दिसतो म्हणून समोरून झिजवलात. आणि आतली बाजू? तिथं ब्रश कधी गेलेलाच नाही. मागे किटणाची भिंत आहे. हिरडी सुजलीय, वर सरकलीय."

"मग आता?"

"आज साफ करते. गेलेली हिरडी परत खाली येत नाही, सर, पण आहे तिथं थांबवता येते. सकाळी दोन मिनिटं, रात्री दोन मिनिटं, हलक्या हातानं, आतून-बाहेरून. तीन महिन्यांनी बघू. थांबला तर थांबला. नाही तर काढावा लागेल."

एका दाताचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण माझी अडचण वेगळी होती. दर रविवारी सकाळी मी घरी उच्चारवर्ग घेतो. आठ-दहा बायका, दोन-तीन कॉलेजची मुलं. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण. जीभ दाताला टेकल्याशिवाय ते होत नाहीत. मधलाच दात गेला आणि फट पडली, तर मी लोकांना कुठल्या तोंडानं शिकवणार? निवृत्तीनंतर मला जमतंय असं एवढं एकच काम उरलं आहे. तेही जमतंय की नाही याची मला शंका असते, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी आरशासमोर उभा राहून "त, थ, द, ध, न" म्हणू लागलो. स्वयंपाकघरातून सुनंदा ओरडायची, "आज 'ध' जरा जाड येतोय हो!" दिवस खराब जायचा.

\*

हलक्या हातानं म्हणजे किती हलक्या? हे मी मॅडमना विचारलं. ग्रॅममध्ये सांगता येईल का, असंही विचारलं. त्यांनी शकुनजींना हाक मारली. "शकुनजी, सरांना टोमॅटो द्या."

दवाखान्याच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनांच्या शेजारी पिकलेले टोमॅटो होते! एक माझ्या हातात आला, आणि एक नवा ब्रश. "ही तुमची हिरडी समजा," मॅडम म्हणाल्या. "पेन धरता तसा ब्रश धरा, मूठ नको. आणि घासा. साल फाटता कामा नये."

मी चौथ्यांदा ब्रश फिरवतानाच टोमॅटो फोडला. रस थेट शर्टावर. शकुनजी कापूस घेऊन धावल्या. "कई बात नी साब, पहिल्या टोमॅटोत कोणीच पास नाही होत!"

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "माझे पण पहिले तीन फुटले होते." आता हे खरं की माझी समजूत काढायला, मला माहीत नाही. पण ज्या शिक्षकाला आपले फुटलेले टोमॅटो आठवतात तो चांगला शिक्षक. चाळीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी माझ्या चुका सांगितल्याचं आठवत नाही.

घरी जाऊन पंधरा दिवस सराव केला. सुनंदा शेजारणीला सांगत होती, "आमच्याकडे रोज कोशिंबीर. ह्यांचे दात सुधारताहेत ना!"

\*

पुढचा किस्सा सांगायला मला लाज वाटते, कारण त्यात चूक माझी आहे.

दवाखान्याच्या भिंतीवर मराठी पेशंटांसाठी एक सूचना होती. "रात्री ब्रश झाल्यावर मसूड्यांना बोटाने हलकी मालिश करा." मी ती दर खेपेला वाचायचो आणि दर खेपेला अस्वस्थ व्हायचो. शेवटी म्हणालोच, "मॅडम, 'मसूडे' हिंदी आहे. मराठीत 'हिरड्या'. आणि 'मालिश' कशाला? 'चोळा' म्हणा."

मॅडम मोठ्या मनाच्या. "सर, तुम्ही सांगाल ते प्रमाण," म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात नवी पाटी लागली. "रात्री ब्रश झाल्यावर हिरड्या बोटाने हलकेच चोळा." मी ती पाटी मनातल्या मनात चारदा वाचली. एकही चूक नव्हती!

पंधरा दिवसांनी मल्हारगंजातली एक तरुण सून आली. मराठी घरातलीच, पण इंदूरची चौथी पिढी. तोंड आक्रसलेलं, दात तपकिरी, जीभ पिवळसर. मॅडम घाबरल्या. "अगं, काय लावलंस?"

"तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम! हिरड्या चोळा!" आणि तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली. आत हिरड्याची पूड! घरी बाळाच्या गुटीत सासूबाई हिरडा उगाळायच्या. तेवढाच हिरडा तिला माहीत. पंसारीकडून, म्हणजे जडीबुटीच्या दुकानातून, पाव किलो कुटून आणला होता बिचारीनं.

"इतका तुरट, कसैला लगता है ना, मॅडम! पण मी सोडलं नाही. रोज चोळलं!"

हिरड्याचं अनेकवचन 'हिरडे' होतं, हे तिला सांगायचा मोह मी महत्प्रयासानं आवरला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिचे दात साफ केले, वर शाबासकी दिली. "पंधरा दिवस न चुकता केलंस. एवढी चिकाटी माझ्या कुणा पेशंटमध्ये नाही. आता फक्त पुडी बाजूला ठेव आणि बोट तेवढं राहू दे."

दुसऱ्या दिवशी पाटीखाली मॅडमच्या अक्षरात एक ओळ आली. "हिरड्या म्हणजे मसूडे. पंसारीकडे जाऊ नये."

\*

भाषेचा विषय निघालाच आहे तर आमच्या व्याह्यांचंही सांगतो. ते पुण्याचे. दिवाळीला आले आणि अनारशानं दाढ ठणकली. मी लगेच मॅडमकडे घेऊन गेलो. दाढ पाहून झाली, औषध लावून झालं. मॅडम म्हणाल्या, "काका, आता कुल्ला करा."

व्याही खुर्चीत ताठ झाले. "काय करू?"

"कुल्ला. जोरात नको, हळू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी फक्त तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची पाहिली आहे. तेवढ्यात शकुनजी मदतीला आल्या. बेसिनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वहाँ करो काकाजी, बेसिनमध्ये! सगळे तिथंच करतात!"

"अहो," व्याही माझ्या कानाशी पुटपुटले, "सगळ्यांसमोर?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंदूरच्या आमच्या घरांत तीन पिढ्या चूळ भरण्याला 'कुल्ला' म्हणतात. हाच शब्द पुण्यात शरीराच्या पार दुसऱ्या टोकाला जातो, हे मी, संस्कृतचा डॉक्टर, साफ विसरलो होतो! मी घाईघाईनं म्हणालो, "चूळ, चूळ भरा!" व्याह्यांनी चूळ भरली आणि पहिल्यांदा श्वास सोडला.

हे प्रकरण मी मॅडमना नंतर समजावून सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे इतकी वर्षं पुण्याचे पाहुणे माझ्याकडे बघून असे का दचकतात..."

महिन्याभरानं व्याह्यांचा फोन आला. दाढ शांत होती. "मॅडमना सांगा, जेवणानंतर दोन्ही वेळा कुल्ला करतो. फक्त घरात तसं म्हणत नाही!"

\*

बापूसाहेब माझे सकाळच्या फिरण्यातले मित्र. त्यांचे पूर्वज संस्थानी फौजेत घोडदळात होते, स्वतः बापूसाहेब विमा कंपनीत होते. आवाज मात्र अजून घोडदळाचा. शेव हा त्यांच्या जेवणातला पदार्थ नाही, जेवण हा शेवेबरोबरचा पदार्थ आहे. माझं ऐकून तेही मॅडमकडे आले.

"रात्री ब्रश करता?" मॅडमनी विचारलं.

"रात्री? रात्री तर अपन झोपतो!"

"आणि शेव?"

"शेव तर जेवणासोबत खातो, मॅडम."

"तुम्ही झोपता, बापूसाहेब. ती दाढेत रात्रभर जागी असते."

बापूसाहेब गडबडले, पण शरण जाणाऱ्यातले नव्हेत. "अरे यार मॅडम, इतनी सी शेव क्या कर लेगी!"

मॅडमनी हत्यार बदललं. "तुम्ही इंदूरचे ना, स्वच्छतेत पहिल्या नंबरचे? घरात ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवता?"

"एकदम! आमच्या गल्लीत माझ्यावर कोणी बोट नाही दाखवू शकत!"

"कचरागाडी एक दिवस नाही आली तर?"

"तर मी फोन लावतो ना! पालिकेच्या झोनवर! कल्ला करतो!"

"मग तोंडातला कचरा दाढेत मुक्कामाला कसा चालतो?"

बापूसाहेबांनी स्वतःहून तोंड उघडून दाढ पुढं केली. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. हे दृश्य मला नवीन होतं.

मग मॅडमनी दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश दाखवला, काडीसारखा. बापूसाहेबांनी तो संशयानं पाहिला. "मोठा ब्रश आहे तर हा कशाला?"

"मोठी गाडी तुमच्या मल्हारगंजच्या गल्लीत शिरते?"

"नाही शिरत. छोटी येते."

"ही तीच."

त्या दिवसापासून बापूसाहेबांकडे रात्रीचं जेवण आटोपलं की घोडदळाच्या आवाजात आरोळी होते, "चलो, गाडी आ गई!" सुना, नातवंडं, सगळे बेसिनपाशी रांगेत. शेव अजून चालू आहे. पण गाडीनंतर नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, चाळीस वर्षं सांगून जे झालं नाही ते ह्या बाईनं कचऱ्यावरून केलं!"

\*

तीन महिन्यांची मुदत जवळ आली तसा मी सैरभैर झालो. दात हलतोय की थांबलाय हे बघायला दिवसातून वीसदा जीभ लावायची. मॅडमनी सांगितलं होतं, "सर, जिभेनं ढकलत राहिलात तर तुम्हीच पाडाल." त्यामुळे जीभ आवरायची, आणि आवरली की काळजी वाढायची.

अशात एका रविवारी वर्ग चालू असताना सुनंदानं सगळ्यांना पोहे दिले. पहिला घास घेतला आणि कटकन काहीतरी लागलं. तोंडातून हातावर आला तो पांढरा, टणक, टोकदार तुकडा.

मी उठून आत गेलो आणि मॅडमना फोन लावला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला.

"मॅडम, पडला! हातात आहे!"

"रक्त आहे?"

"नाही."

"दुखतंय?"

"नाही."

"सर, शांतपणे आरशासमोर जा आणि मोजा."

मी मोजले. पुन्हा मोजले. "चोवीस," मी म्हणालो.

"आधी किती होते?"

"...चोवीस."

"मग हातात काय आहे?"

मी चष्मा लावला. "खोबरं."

मग मॅडम म्हणाल्या, "मग ते खा, सर. मागच्या दाढेनं. आणि नंतर कुल्ला करा."

\*

शेवटी तो दिवस उजाडला. मी वेळेच्या पाऊण तास आधी पोचलो. रुमालात ब्रश, खिशात शंका. आदल्या रात्री मी वर्गातल्यांसाठी एक चिठ्ठीही लिहून खिशात ठेवली होती, वर्ग काही काळ बंद राहील म्हणून. सुनंदाला दाखवली नव्हती.

माझ्या आधी परदेशीपुऱ्याच्या गंगूआजींचा नंबर होता. नव्वदीच्या असतील. यजमान मिलमध्ये होते, मिल बंद झाली, यजमान गेले, आजी आहेत. मुलाचा हात धरून एक एक पायरी चढून आल्या. मुलगाही साठीचा.

नियमाप्रमाणे आजींनी आधी ब्रश काढला. धुवट पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. मॅडमनी ब्रश दिव्याखाली धरला आणि मला हाक मारली. "सर, जरा इकडे या. हा बघा. तीन महिन्यांचा आहे."

एकही केस वाकलेला नव्हता! माझ्या पाठांतराच्या वहीतसुद्धा इतक्या सरळ ओळी नव्हत्या. मला खरंच असूया वाटली.

मग आजींनी तोंड उघडलं. आत एकच दात होता. वरचा, उजवीकडचा सुळा. स्वच्छ, पांढरा, एकटा.

"कवळी लावून देते म्हटलं तर ऐकत नाहीत," मॅडम मला म्हणाल्या.

"कशाला?" आजी म्हणाल्या. "हा आहे ना!"

मॅडमनी तो एक दात अशा निगुतीनं तपासला, जणू बत्तीस आहेत. आरसा, सळी, आतून, बाहेरून, भोवतालची हिरडी. घाई नाही, थट्टा नाही. "आजी, किती वेळ घासता?"

"दोन मिनिटं. तूच सांगितलंस ना, बेटा. सकाळी दोन, रात्री दोन. हा घड्याळ धरून उभा असतो." त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. साठीचा मुलगा लाजला.

"एकदम फर्स्ट क्लास," मॅडम म्हणाल्या. "सहा महिन्यांनी या."

आजी बाहेर येऊन बाकावर बसल्या. मुलगा खाली रिक्षा बघायला गेला. मी आत गेलो.

खुर्ची मागे झाली. दिवा आला. आरसा आला. मॅडमनी दोन बाजूंनी दात धरला आणि हलवला. मी डोळे मिटले. खाली कोचिंग क्लासात कुणीतरी सूत्रं घोकत होतं.

"हं," मॅडम म्हणाल्या.

मी बोलू शकत नव्हतो. तोंडात त्यांचा हात होता.

"अजिबात हलत नाही असं म्हणणार नाही, सर. पण धरलाय त्यानं. सूज गेली. काढायचा विषय संपला."

खुर्ची सरळ झाली. काहीतरी मोठं बोलावं असं वाटत होतं, सुचलं नाही. "धन्यवाद," एवढंच म्हणालो. तीन दंत्य. तिन्ही जागेवर.

बाहेर आलो. खिशातली चिठ्ठी काढून शकुनजींच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. सुक्या कचऱ्याच्या. आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. आतलं सगळं त्यांनी ऐकलं असावं.

"वाचला का हो भिया, दात?"

"वाचला, आजी."

"छान झालं. किती आहेत तुमचे?"

"चोवीस."

"चोवीस!" आजींनी बोटं उघडली. पेरांवर अंगठा फिरवू लागल्या, ओठ हलत होते. मधेच थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत खरी काळजी होती.

"म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं सकाळी आणि अठ्ठेचाळीस रात्री! मग बाकी कामं कधी करता हो?"